चौथा बीम, तिसरी केबल

बस डेपोपुढून जाताना भावोजींनी हात वर करून सांगितलं, "हे छप्पर माझं."

त्या दुपारच्या चालीतली ही त्यांची तिसरी मालमत्ता. आधी बाजारामागचं गाड्या लावायचं चार मजली पार्किंग त्यांचं निघालं, मग शाळेची व्यायामशाळा त्यांची निघाली. मेहुणीने मान वर केली नाही. तिच्या चपलेचा अंगठा सकाळपासून सैल झाला होता, घर अजून तासाभरावर होतं, आणि बसवाल्यांचा संप होता. ती ज्या वाचनालयात नोंदणीच्या टेबलावर बसते त्या वाचनालयाची नवी इमारत उभी राहत होती. दुपारी सगळ्या नोकरवर्गाला ती बघायला बोलावलं होतं. बघून निघाली तर फाटकाशी भावोजी उभे. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. "चल, आपली वाट एकच आहे," म्हणाले. तिला नाही म्हणायला वेळेवर कारण सुचलं नाही, आणि आता पाऊण तास ती त्याची शिक्षा भोगत होती.

छप्पर त्यांचं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. नकाशा त्यांनी काढला नव्हता, काँक्रीट त्यांनी ओतलं नव्हतं. ते केबल ओढायचे. मोठ्या हॉलला मधे खांब नको असले की लांबलचक बीम घालतात. बीम ओतण्याआधी त्याच्या पोटात पत्र्याच्या नळ्या ठेवतात, नळ्यांत पोलादी तारांचे जुडगे ओवतात, त्यांना केबल म्हणतात. काँक्रीट पुरेसं कडक झालं की केबलच्या टोकाला जॅक लावायचा, पंपाने दाब द्यायचा, केबल ताणायची आणि पाचरी ठोकून तशीच अडकवून टाकायची. ताणलेली केबल बीमला दोन्ही टोकांनी आवळून धरते आणि बीम ओझ्याखाली वाकत नाही. हे काम भावोजी तीस वर्षं करत होते. काम चांगलं आहे, कष्टाचं आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखे भावोजी होते.

साईटवर इंजिनिअर लोक पांढरं हेल्मेट घालतात आणि बाकीचे पिवळं. भावोजींनी स्वतः बाजारात जाऊन पांढरं आणलं. घरापर्यंत ते काखेत धरून आणायचे, म्हणजे गल्लीतल्या लोकांना दिसावं. बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात लोकांच्या घरी कपबश्या असतात, यांच्याकडे दोन पाचरी आणि वीतभर केबलचा तुकडा, खाली मखमलीचं कापड. पाहुणा आला की चहाच्या आधी तो तुकडा त्याच्या हातात. "उचल, उचल. ह्या एकावर हत्ती लटकवता येतो." पाहुण्याने हत्तीची चौकशी केली तर पुढचा अर्धा तास गेला. आणि ह्याच घरात मोरीचा नळ चार वर्षं गळत होता. त्याखाली बहिणीने बादली ठेवली होती; ती भरली की ते पाणी झाडांना घालायची. घरात सगळे त्यांना जॅकसाहेब म्हणायचे, पाठीमागे. भावोजींना ते ठाऊक होतं आणि आवडायचं, यावरून काय ते समजावं.

त्यांच्या मुलीचा शाळेतला एक किस्सा घरात अजून सांगतात. शिक्षिकेने गरम पाणी निवताना दर पाच मिनिटांनी तापमान लिहून आणायला सांगितलं होतं. पोरगी भांडं घेऊन बसली तर भावोजी म्हणाले, कशाला हात भाजून घेतेस, आण वही. पाच मिनिटांत तासाभराचे आकडे भरून दिले. वर्गात सगळ्यांचे आकडे वेडेवाकडे आले, कुणाचं पाणी मधेच गरमही झालं, आणि हिचं पाणी आखून दिल्यासारखं निवलेलं. शिक्षिकेने विचारलं, तर पोरगी खरं बोलली आणि सबंध तास उभी राहिली. घरी भावोजी म्हणाले, "मी दोन ठिकाणी मुद्दाम पाव अंश चुकवला होता. तरी कळलं म्हणजे बाई हुशार आहे."

हे सगळं हसून सोडून देता येतं. मेहुणी ज्यासाठी त्यांच्याकडे बघत नसे ते दुसरंच होतं.

आई, म्हणजे ह्या दोघी बहिणींची आई, सहा वर्षांपूर्वी थोरलीकडे राहायला होती. रक्तदाब वर गेला होता. डॉक्टरांनी महिनाभर रोज सकाळी मोजून लिहून ठेवायला सांगितलं. यंत्राचं काम, तेव्हा भावोजींनी ते आपल्याकडे घेतलं. दाब मोजणं हा तर माझा धंदा, असंही म्हणाले. महिन्याने तक्ता डॉक्टरांपुढे गेला. सगळे आकडे कसे शहाण्यासारखे. कुठे निळी शाई, कुठे काळी, एका आठवड्यात हिरवी. डॉक्टरांनी आनंदाने गोळी अर्धी केली. पुढच्या महिन्यात आईची डावी बाजू गेली.

त्या सकाळी दवाखान्यात न्यायच्या गडबडीत मेहुणीने यंत्र शोधायला स्वयंपाकघरातला खण उघडला. यंत्र होतं. त्याच्या शेजारी त्याचे सेल होते, दुकानातल्या वेष्टनातच, न फोडलेले. यंत्राचा सेलांचा कप्पा कोरा करकरीत. तिने खण लावून टाकला. बहीण तेव्हा आईचे पाय चोळत बसली होती.

आई पुढे दोन वर्षं अंथरुणावर होती. मेहुणीने ही गोष्ट बहिणीला कधी सांगितली नाही. सांगून बहिणीचा संसार मोडला असता, आई काही उठून बसली नसती, असं तिने स्वतःला समजावलं. देवापुढे हात जोडताना मात्र ती रोज एवढंच म्हणायची, मी गप्प राहिले तेही तू बघितलंयस. ह्यापलीकडे मागणं नाही, तक्रार नाही. आणि भावोजींशी ती जेवढ्यास तेवढं बोलायची.

तर अशा माणसाबरोबर ती चालत होती. डेपोनंतर रस्ता कालव्याच्या कडेने जातो, एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला पाणी. भावोजी नव्या वाचनालयाबद्दल बोलायला लागले. चोवीस मीटरचा हॉल, मधे एक खांब नाही. वरच्या मजल्यावर सगळी पुस्तकांची कपाटं. पुस्तकं म्हणजे कागद वाटतो, पण मालात सगळ्यात जड माल तोच, असं त्यांचं म्हणणं. सहा बीम, प्रत्येकात पाच केबली, तीसच्या तीस त्यांनी ओढलेल्या. दुपारी हॉल दाखवताना तिथल्या इंजिनिअरबाईंनीही हे सांगितलं होतं. बीमच्या टोकांना केबलींच्या शेपट्या हातभर बाहेर आल्या होत्या, त्यांच्याकडे बोट करून त्या म्हणाल्या होत्या, "उद्या सकाळी नऊला ह्या कापू आणि नळ्यांत सिमेंट भरू. मग हे कायमचं. मग कुणाला काही करता यायचं नाही." बाई सव्वीस-सत्तावीसच्या, सडपातळ, बूट चिखलाने भरलेले. भावोजींना काका म्हणायच्या.

"तुझं टेबल कुठे येणार आहे?" भावोजींनी विचारलं.

तिने सांगितलं, आत शिरलं की उजवीकडे, आतल्या खिडकीपाशी. फरशीवर खडूने खूणही करून ठेवली आहे.

भावोजी थोडं चालले. "दाराजवळ मागून घे."

"का?"

"उजेड चांगला येतो."

"खिडकीपेक्षा दारात?"

"वारा लागतो खिडकीत. तुला बाधतो."

तीस वर्षांत ह्या माणसाला मेहुणीला काय बाधतं आणि काय नाही याचा पत्ता नव्हता. तिला भाजलेलं वांगं चालत नाही हेही त्यांना माहीत नव्हतं, दर खेपेला तेच वाढायला लावायचे. ती उभी राहिली. मग तिने खडूची खूण आठवली, तिथून मान वर केली तर डोक्यावर काय होतं ते आठवलं. दारापासून मोजलं तर चौथा बीम.

"काय लिहिलंयत तिथे?" तिने विचारलं.

भावोजी म्हणाले, कुठे काय. लिहायचं काय त्यात. मग म्हणाले, तुला काही कळत नाही त्यातलं. मग कालव्याकडे बघून म्हणाले, पाणी कमी झालंय यंदा. ती जागची हलली नाही. गोदामाबाहेर एक हमाल पोत्यावर बसून दोघांकडे बघत होता. भावोजींना माणसाने आपल्याकडे बघितलेलं आवडायचं, पण तेव्हा आवडलं नाही. ते पुढे झाले आणि बोलायला लागले, म्हणून तीही चालायला लागली.

त्यांनी जे सांगितलं ते फाटे फोडत, स्वतःची बाजू सावरत सांगितलं. त्यातलं खरं तेवढं असं. केबल ओढली की साईटच्या वहीत दोन गोष्टी लिहायच्या असतात, पंपावरचा काटा किती दाब दाखवतो आणि केबल किती लांबली. दोन्हींचा मेळ बसला तर केबल नीट ताणली गेली. किती लांबायला हवी ते हिशेब करून आधीच कागदावर दिलेलं असतं. तर भावोजी लांबीचा रकाना केबल ओढायच्या आधीच भरून ठेवत. सकाळी चहाच्या वेळी टपरीवर बसून. कागदावर एकशे छप्पन्न मिलिमीटर असेल तर कुठे पंचावन्न, कुठे सत्तावन्न, एखादी त्रेपन्न. सगळे सारखे आले तर संशय येतो.

"तीस वर्षं?" तिने विचारलं.

"सुरुवातीची दोन-तीन वर्षं मोजायचो," भावोजी म्हणाले. "मग अंदाज येतो. जॅकच्या आवाजावरून कळतं गं. सुगरण मीठ मोजून घालते का?"

मेहुणीला त्या क्षणी त्यांना कालव्यात ढकलावंसं वाटलं, आणि लगेच तिने मनात देवाचं नाव घेतलं.

चौथ्या बीमची तिसरी केबल. परवाची गोष्ट. दाब पूर्ण चढला, काटा जिथे यायचा तिथे आला, आणि जॅक मधेच थांबल्यासारखा झाला. आवाज वेगळा आला. आवाज वेगळा आला म्हणून भावोजींनी, किती वर्षांनी कुणास ठाऊक, पट्टी लावली. एकशे एकोणतीस. सत्तावीस मिलिमीटर कमी, दीड बोट. म्हणजे केबल आत कुठेतरी अडकली होती. काँक्रीट ओतताना नळीला भोक पडलं असेल, त्यातून सिमेंटचं पाणी आत शिरून गोठलं असेल. अडकल्या जागेच्या अलीकडे केबल ताणलेली आणि पलीकडे सैल. पंपाकडचा माणूस काट्याकडे बघत होता, त्याला लांबी दिसत नव्हती. आणि वहीत एकशे सत्तावन्न आधीच लिहिलेलं होतं.

"मग खोडायचं."

"वहीच्या पानांवर छापील क्रमांक आहेत, पान फाडता येत नाही. खाडाखोड चालत नाही. खोडलं की बाजूला कारण लिहून सही करावी लागते."

"मग करायची."

"काय कारण लिहू?" भावोजी म्हणाले, आणि पहिल्यांदा तिला वाटलं की हे खरोखर विचारताहेत.

इंजिनिअरबाईंनी काल संध्याकाळी तीसच्या तीस ओळींवर सही केली. काका, आकडे फार सुरेख आलेत, म्हणाल्या. भावोजी त्या वाक्यावर त्या रात्री पोळी जास्त खाऊन झोपले होते. हे त्यांनी सांगितलं नाही, पण बहीण सकाळी फोनवर कौतुकाने बोलली होती, की तुझे भावोजी काल एक पोळी जास्त जेवले.

पुढे एक चौक आला. भावोजींचा सूर जरा सावरला. एका बीममध्ये पाच केबली असतात, एक कमी पडली म्हणून बीम काही उद्या कोसळत नाही. इंजिनिअर लोक हिशेबात सगळीकडे जास्तीचं धरतात. वीस वर्षांनी थोडा वाकेल, चीर पडेल, कुणीतरी बघेल. तेवढ्या वर्षांत आपण कुठे असणार.

"मग मला दाराजवळ कशाला बसवता?"

भावोजींनी पावलं भरभर टाकली. चौक ओलांडला.

मेहुणीने विचारलं की अजून काही करता येतं का. येतं, ते म्हणाले. शेपट्या आहेत तोवर जॅक पुन्हा लावता येतो. दुसऱ्या टोकाने ओढून बघता येतं, नाही सुटली तर तिथलं काँक्रीट फोडून नळी उघडता येते. कटकट आहे, पण येतं. उद्या नऊनंतर नाही.

"मग जाऊन सांगा."

"सांगितलं तर एवढ्यावर थांबतील का?" भावोजी म्हणाले. "मागच्या सगळ्या वह्या उघडतील."

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की हा माणूस दुपारभर तिला नुसती छपरं दाखवत नव्हता. पार्किंग, व्यायामशाळा, डेपो. बढाई मारताना दर वेळी त्याचे डोळे छपरावर रेंगाळत होते, आणि तिने मान वर केली नाही म्हणून तिला दिसलं नव्हतं. त्यातल्या कुठल्या बीममध्ये काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. बहुतेक ठीक असणार. पण बहुतेक हा शब्द त्याने कधी कुठल्या रकान्यात लिहिला नव्हता.

तिला त्याची कीव आली नाही. वाचणाऱ्याला वाटेल की इथे ती विरघळली, पण नाही. आईचा हिरव्या शाईचा आठवडा तिच्या डोळ्यांपुढे होता. तिने ते बोलूनही दाखवलं. चालता चालता, आवाज न चढवता म्हणाली, "खणातले सेल मी त्या दिवशी बघितले होते, भावोजी."

ते दहा-बारा पावलं चालले. हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं.

"तुझ्या बहिणीला?"

"नाही सांगितलं."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

त्यांनी खांद्यावरून मागे बघितलं, जसं कुणी ऐकत असावं. मग म्हणाले की त्यांनी पहिल्या दिवशी यंत्र लावायचा प्रयत्न केला होता, आईने हात ओढून घेतला, मग राहूनच गेलं. मग म्हणाले की तसं नाही, लावलंच नव्हतं. खोटं बोलून लगेच स्वतःच ते परत घेतल्याचं मेहुणीने त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकलं. तिने त्याबद्दल त्यांना शाबासकी दिली नाही.

बहिणीची गल्ली आली. कोपऱ्यावर कुलूप लावलेलं झेरॉक्सचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर भावोजी बसले. धाप लागली म्हणाले, लागली नव्हती. गल्लीच्या टोकाला बहिणीची खिडकी दिसत होती. ती खिडकीतल्या कुंड्यांना तांब्याने पाणी घालत होती, त्या बादलीतलं.

मग त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. कोरा होता. साईटवरून निघतानाच घेतला असणार. म्हणजे फाटकाशी ते वाट एक आहे म्हणून थांबले नव्हते. म्हणाले, तुझं अक्षर चांगलं, भाषा चांगली, लोकांचे अर्ज तूच लिहून देतेस. दोन ओळी लिही. चौथ्या बीमच्या तिसऱ्या केबलची लांबी नजरचुकीने जास्त नोंदली गेली, तरी पुन्हा तपासावी, कळावे. मी खाली सही करतो आणि सकाळी पाठवून देतो कुणाबरोबर तरी.

"नजरचुकीने," ती म्हणाली.

"तसंच लिहितात."

"नजर कुठे होती तिथे? नजर टपरीवर चहा पीत होती." तिने कागद घेतला नाही. "आयुष्यभर स्वतः खोटं भरलंत, आता खरं भरायची वेळ आली तर तेही माझ्या हाताने आणि त्यातही अर्धं खोटं. मी लिहिणार नाही. तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. जा आणि सांगा."

एवढं बोलून ती निघाली असती. चप्पल काढून तिने अंगठा पुन्हा नीट ओवला, त्यात वेळ गेला. तेवढ्या वेळात भावोजींनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. त्यांनी गल्लीच्या टोकाकडे बघितलं. बहिणीने त्यांना ओळखून तांब्याचाच हात हलवला. त्यांनीही हलवला.

"बाई सात वाजेपर्यंत केबिनमध्ये असतात," ते म्हणाले.

मेहुणीने चप्पल पायात सरकवली.

"मी आत्ता घरी गेलो ना, तर ती ताट वाढेल. मी जेवेन. सकाळी नऊला मी तिथे उभा राहून शेपट्या कापून घेईन आणि काही बोलणार नाही. मला माझं माहीत आहे." ते उठले. पांढरं हेल्मेट त्यांनी पायरीवरच राहू दिलं. "तू परत चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता. तिथे काही बोलू नकोस, नुसती उभी राहा. आणि रस्त्याने मागून चाल. पुढे चाललीस तर मी डेपोपाशी सटकेन."